उलटा पीळ

डावऱ्याला तसं सगळं चालायचं. चहात साखर कमी पडली तरी चालायचं, दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं तरी चालायचं, गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेली इस्त्री महिनाभर नेली नाही तरीही चालायचं. पण कुणी "दाजींनी त्या दिवशी लाइन जोडली नसती ना..." एवढं तोंडातून काढलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि हे वाक्य कुणी ना कुणी काढायचंच. कुणाचं लग्न असो, कुणाचं आजारपण असो, नाहीतर उगाच चार माणसं गप्पांना बसलेली असोत, गाडी फिरून फिरून लढाईतल्या त्याच टेकडीवर जायची.

दाजी म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आधी सासरची माणसं त्याला दाजी म्हणायची, मग गल्ली म्हणायला लागली, आणि शेवटी डावऱ्याच्याही तोंडात तेच बसलं. नुसता साडू असता तर सोसलं असतं हो. साडू म्हटल्यावर थोडीफार जळजळ कुठल्या घरात नसते? पण हे दोघं साडू व्हायच्या आधी सैन्यात एकाच तुकडीत लाइनमन होते. त्यातून दाजीला शौर्यपदक मिळालं, आणि डावऱ्याला मिळाली दाजीची मेव्हणी. तीही दाजीनेच सुचवलेली. आता सांगा, ज्याच्या नावाने बोटं मोडायची त्याच्याच उपकारात संसार करायचा म्हणजे माणसाचं काय होत असेल!

लाइनमनचं काम सांगायला सोपं. मागे तोफा असतात, पुढे टेकडीवर ठाणं असतं, आणि दोघांच्या मध्ये टेलिफोनची वायर जमिनीवरून टाकलेली असते. ती रोज तुटते. कधी गोळ्याने, कधी आपल्याच गाडीच्या चाकाखाली. तुटली की दोन्ही टोकांकडून एकेक लाइनमन निघतो, वायर हातातून सरकवत चालतो, आणि तुटलेली जागा सापडली की जोडतो. बंदूक खांद्याला असते खरी, पण हातात सदा पक्कड. लढायांच्या पुस्तकांत सेनापती असतात, नकाशे असतात, बाण दाखवलेले असतात. वायर जोडणाऱ्याला त्यात एक ओळ मिळाली तरी त्याने नशीब समजावं. अशी ओळ दाजीला मिळाली होती. अख्खी, नावासकट, पान एकशे बारावर. डावऱ्याने ते पुस्तक घरात येऊ दिलं नव्हतं. पान मात्र त्याला पाठ होतं.

डावरा हे नाव पडलं तेही जोडावरूनच. शिकाऊ असताना उस्ताद सांगायचा, आधी गाठ मारा, म्हणजे ओढ गाठीवर येते. मग उघड्या तारांचे सात वेढे द्या, आणि पीळ उजवीकडेच गेला पाहिजे. सगळ्यांचा पीळ एका बाजूला हवा, म्हणजे एकाने मारलेला जोड दुसऱ्याला डोळे मिटून सोडवता येतो. हा पडला डावखुरा. त्याचा पीळ आपसूक उलटा जायचा. उस्तादाने त्याला वायरीचं रीळ डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तुकडीसमोर नावं ठेवली, "तुझ्यात नको तितका पीळ आहे," असंही ऐकवलं. हा मान खाली घालून ऐकायचा आणि पुन्हा उलटाच मारायचा. कारण त्याला एक गोष्ट कळली होती. वायरीच्या आतल्या तारा मुळातच उजवीकडे वळलेल्या असतात. उलटा वेढा त्यांना चावून धरतो. शिवाय वेढे द्यायला हा पक्कड लावायचा नाही. पक्कड फक्त कापायला. पकडीचा दात लागला की तारेवर ओरखडा उठतो आणि उद्या तार तिथेच तुटते, असा त्याचा हट्ट. सातही वेढे अंगठ्याने. त्या अंगठ्याला पडलेला घट्टा अजून गेलेला नव्हता.

आता त्या सकाळचं. ठाण्यातली माणसं तीन दिवस वेढ्यात अडकलेली. शत्रू टेकडी चढायला लागलेला, आणि नेमकी लाइन मेलेली. तोफांना सांगणार कोण, कुठे मारायचं ते? तोफांच्या टोकाकडून डावरा निघाला, ठाण्याच्या टोकाकडून दाजी. मधल्या ओढ्यात डावऱ्याला तुटलेली जागा सापडली. त्याने गाठ मारली, सात वेढे दिले, वर टेप गुंडाळली. इथपर्यंत त्याला लख्ख आठवतं. मग गोळा पडला. शुद्ध आली तेव्हा तो दवाखान्यात होता, डोक्याला ही भली मोठी पट्टी. लाइन चालू झाली होती, तोफांनी टेकडी वाचवली होती, आणि ओढ्यात वायरीच्या जोडाशेजारी दाजी सापडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, हातात पक्कड.

"साहेब, तो जोड माझा आहे," डावऱ्याने कागद घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं.

अधिकाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या डोक्याला मार लागलाय. आराम कर."

झालं! विषय संपला. डोकं फुटलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार? तेव्हापासून तेहेतीस वर्षं डावरा मूग गिळून बसला होता. सांगितलं फक्त बायकोला, तेही महिन्यातून दोनदा.

आणि त्यात दाजी माणूस चांगला. हेच तर मोठं दुखणं! उद्धट असता, फुशारक्या मारणारा असता, तर डावऱ्याला केवढं सोपं गेलं असतं. पण दाजी पदक कपाटात ठेवायचा. कुणी कौतुक करायला लागलं की, "अहो, वायरच तर जोडली," असं म्हणून हसायचा. मग लोक आणखी कौतुक करायचे. डावरा समोर बसून कप ओठाला लावायचा आणि मनात म्हणायचा, हसतोय बघा कसा! दुसऱ्याच्या कामावर विनय दाखवायला काय जातंय याचं?

अशात एका दुपारी संग्रहालयाच्या बाई दुकानात आल्या. तरुण होत्या, हातात फाइल. डावरा पंख्याच्या मोटारीतली तारेची गुंडाळी उसवत बसला होता.

"काका, तुकडीच्या गोदामातलं जुनं सामान आमच्याकडे आलंय," बाई म्हणाल्या. "शनिवारपासून दालन उघडतोय. लढाईत पडद्यामागे राहिलेल्या माणसांचं दालन. वायरवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, असे. एक टेलिफोन साफ करायचाय आणि ती वायर फळीवर नीट बसवायचीय."

"कुठली वायर?"

"टेकडीची. लढाई संपल्यावर एका अधिकाऱ्याने जोडासकट हातभर तुकडा कापून ठेवला होता. तुमच्या साडूंना विचारलं, तर ते म्हणाले, वायरीला हात लावायचा तर फक्त डावऱ्याच्या हातांनी."

बघा, कौतुकसुद्धा हा माणूस असं करतो की उलट आपणच त्याचे आभार मानावेत! म्हणजे पदक याने मिरवायचं आणि याची वायर मी पुसायची. डावऱ्याच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. पण तो तुकडा अजून आहे, हे ऐकून त्याच्या अंगठ्यावरचा घट्टा ठणकायला लागला.

"येतो उद्या," तो म्हणाला.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं, खिडकीतून भरपूर उजेड येत होता. बाईंनी पेटीतून वायर काढून कापडावर ठेवली. शेजारी छापलेलं कार्ड होतं, त्यावर दाजीचं पूर्ण नाव, हुद्दा आणि खाली "यांनी मारलेला जोड". डावऱ्याने कार्ड उपडं करून ठेवलं. नजरेसमोर ते असताना त्याचा हात चालला नसता.

जोडावरची टेप दगडासारखी झाली होती. स्पिरिटचा बोळा फिरवत फिरवत त्याने ती पाव तासात सोडवली. खाली हिरवट पडलेल्या तारा दिसल्या. त्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. पीळ डावीकडे होता.

एक, दोन, तीन... सात. सातही वेढे उलटे.

डावरा खुर्चीत बसला आणि हसायलाच लागला. बाई दचकून उठल्या. "काका, काय झालं?"

"बाई, तुमचं कार्ड चुकलंय," तो म्हणाला. "अख्ख्या तुकडीत उलटा पीळ मारणारा एकच होता. त्यापायी मी मैदानाला किती फेऱ्या मारल्यात, विचारा कुणालाही."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना घाई नव्हती. "मी कार्ड बदलीन," त्या शेवटी म्हणाल्या, "पण त्यांच्यासमोर. त्यांनी हो म्हटलं पाहिजे. उद्या दुपारी दोघंही या."

त्या संध्याकाळी डावऱ्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी अर्धीच राहिली.

"अहो, तेहेतीस वर्षं झाली. आता तरी सोडा."

"सोडू? माझा जोड आजवर कधी सुटलाय?"

"दाजींचा पाय कायमचा अधू झाला त्यात. तुमच्या एका कार्डापायी मी ताईला काय तोंड दाखवू?"

"तेहेतीस वर्षं तुझी ताई मला तोंड दाखवतेच आहे की! 'आमच्या ह्यांनी लाइन जोडली,' 'आमच्या ह्यांनी लाइन जोडली.' आता एकदा तू म्हण. एकदाच म्हण, मला ऐकायचंय."

बायकोने घडी पूर्ण केली आणि कपाट जरा जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी डावरा अर्धा तास आधीच पोचला. खिशात नव्या वायरीचे दोन तुकडे आणि पक्कड. त्याने मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. वाद घालायचाच नाही. दाजीच्या हातात वायर द्यायची आणि म्हणायचं, मार जोड. तो मारील उजवा. मग दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवायचे आणि गप्प बसायचं.

दाजी काठी टेकत आला. पदक लावलेलं नव्हतंच. आल्या आल्या म्हणाला, "काय डावऱ्या, टेप सोडवलीस म्हणे! मला वाटलं होतं आता ती आपल्याबरोबरच जाणार."

"बस," डावरा म्हणाला. "आणि हा जोड मारून दाखव बाईंना. आपण मारायचो तसा."

दाजीने वायर घेतली. त्याने साल सोलली, गाठ मारली, घट्ट ओढली. डावरा बाईंकडे बघत होता, कारण त्यांचा चेहरा बदलताना त्याला पाहायचा होता. बाईंचा चेहरा बदललाही, पण भलताच. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काका," त्या म्हणाल्या, "हाही उलटाच आहे ना?"

डावऱ्याने वळून पाहिलं. दाजी वेढे देत होता, आणि पीळ डावीकडे चालला होता. उजव्या हाताने, अवघडत, मनगट वाकडं करून. दोन वेढे बोटांनी दिले, मग बोटं पुरेनात म्हणून पक्कड लावली, आणि सात पुरे केले.

डावरा टेबलावर वाकला. "हे कुठे शिकलास तू?"

"तुझ्याकडून."

"मी कधी शिकवलं तुला?"

"तू कशाला शिकवशील? जोड मारताना तू पाठ फिरवून बसायचास. चोरून शिकलो." दाजीने जोड टेबलावर ठेवला आणि गुडघा चोळला. "उस्तादाने आपले जोड झाडाला टांगून ओढायला लावले होते, आठवतं? माझा दुसऱ्या झटक्याला सुटला. तुझ्या जोडाला चौघं लोंबकळले, तरी तो तस्सा. सगळे तुला उलटा, वाकडा म्हणून हसत होते, आणि माझ्या पोटात असं काही दुखलं म्हणून सांगू! दोन दिवस जेवण गेलं नाही. हा फेऱ्या मारणारा माणूस, याला हे जमतं आणि मला जमत नाही म्हणजे काय?"

"परीक्षेत तर तू उजवा मारलास. पहिला आलास."

"परीक्षेत उजवा. लढाईत तुझा. जिथे लोकांचे जीव टांगणीला, तिथे मी माझ्या पिळावर कसा विसंबू?"

मग दाजी बाईंकडे वळला, नेहमीच्या त्या गोड आवाजात. "बाई, पण हा म्हणतोय तेच खरं असेल. मी गेलो तेव्हा तारा उघड्या होत्या असं मला वाटतं. पण हाड मोडलेलं, डोळ्यांपुढे काजवे. मी काही खात्री देत नाही. घाला त्याचं नाव. जोड त्याचाच म्हणून लिहा."

बाईंनी कोरं कार्ड पुढे ओढलं. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगता?"

मिळालं! तेहेतीस वर्षं ज्याच्यासाठी जीव तळमळला, ते समोर आलं होतं. नुसतं नाव उच्चारायचं. डावऱ्याने दोन्ही जोड हातात घेतले, जुना आणि आत्ताचा, उगाच, हाताला काहीतरी चाळा म्हणून. उजेडात धरले. आणि त्याचा अंगठा तिसऱ्या वेढ्यावर थांबला.

आत्ताच्या जोडावर तिसऱ्या वेढ्यापासून बारीक आडवे ओरखडे होते. पकडीच्या दातांचे. आणि जुन्या, हिरवट तारांवरही, तिसऱ्या वेढ्यापासूनच, तसलेच ओरखडे. पहिले दोन वेढे किंचित सैल, पुढचे पाच पकडीने आवळलेले. कालच्या आनंदात त्याने पीळ पाहिला होता, दात पाहिले नव्हते.

त्याला सगळं कळलं. त्याने जोड मारला होता, हे खरंच होतं. पण ज्या गोळ्याने त्याचं डोकं फोडलं, त्यानेच तो जोड उडवून नेला होता. सुटला नव्हता, उरलाच नव्हता. मागून दाजी आला, तारा खरोखर उघड्या होत्या, आणि मोडक्या पायाने त्याने त्या जोडल्या. हे ओरखडे वाचू शकेल असा माणूस या जगात एकच होता. बाईंना ते आयुष्यात दिसले नसते. दाजीलाही दिसले नसते, कारण पकडीचा दात लागतो हे त्याला कधी पटलंच नव्हतं. डावरा गप्प राहिला असता, तर शनिवारी बायकोने ताईसमोर ते एक वाक्य म्हटलं असतं.

तो नाव सांगणार होता. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची नजर दाजीकडे गेली. दाजी काठीवर हनुवटी टेकून बसला होता, तोंडावर काय ते समाधान! देऊन टाकल्याचं समाधान. आणि डावऱ्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्यापासून लोक काय म्हणणार? "दाजींचं मन बघा केवढं! साडूला नावसुद्धा देऊन टाकलं." म्हणजे शौर्यही याचं आणि दिलदारीही याचीच! माझ्या वाट्याला पुन्हा याने दिलेलं. बायको दिली, काम दिलं, आता नावही हाच देणार?

"थांबा बाई," तो म्हणाला. "हा जोड याचाच आहे."

"अरे पण—" दाजी म्हणाला.

"तू गप्प बस! तू तोंड उघडलंस की माझं भलं करतोस." डावऱ्याचा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने पुसलंही नाही. त्याने दोन्ही तुकडे बाईंसमोर आपटले, ओरखडे दाखवले, पक्कड दाखवली, आपला अंगठा दाखवला. "माझा जोड गोळ्याबरोबर गेला. हा याने मारलाय. लिहा, जोड याचा. पण पीळ माझा. चोरलाय तो, याने स्वतः सांगितलंय तुमच्यासमोर. आणि कार्डावर पीळ आधी येऊ द्या, जोड नंतर."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी जे लिहिलं ते असं: आधी "उलटा पीळ", त्याखाली डावऱ्याचं पूर्ण नाव. मग "जोड", त्याखाली दाजीचं.

शनिवारी दालन उघडलं. बऱ्यापैकी माणसं आली होती. ताईने आग्रह करून दाजीला पदक लावायला लावलं होतं. वायरीच्या काचेपुढे आलेला जो तो कार्ड वाचायचा आणि विचारायचा, "उलटा पीळ म्हणजे काय हो?" बाई डावऱ्याकडे बोट दाखवायच्या. डावऱ्याने खिशातून वायर काढून एकदा करून दाखवलं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मंडळी त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. अंगठ्याचा घट्टा बघायलाही लोक पुढे वाकत होते. त्याची बायको मागे उभी राहून तेच ते पुन्हा ऐकत होती.

चौथ्यांदा वेढे देताना त्याने सहज मान वर केली. दाजी एकटाच काचेपाशी होता, काठीवर भार देऊन, कार्ड वाचत. एवढ्याशा दोन ओळी, पण तो वाचतच होता. डावरा जवळ गेला तेव्हा दाजी हसला नाही.

"सगळे पिळाचंच विचारतायत रे," तो म्हणाला. "जोडाचं कुणी विचारेना."

डावऱ्याने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ताणलेले ओठ, कोरडे डोळे, गालाची ती एक शीर उडणारी. हे तोंड त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. तेहेतीस वर्षं रोज सकाळी दाढी करताना तो ते आरशात बघत आला होता.